घर वाढवताय? आधी कागद पाहा

अर्ज कुठे? सेलू (जि. वर्धा) शहरात परवानगी नगर पंचायत देते. हद्दीबाहेरच्या गावात चौकशीची सुरुवात ग्रामपंचायतीतून करा. मागे एक खोली काढायची असो वा वर माडी चढवायची असो, वाढीव बांधकामालाही परवानगी लागते.

नियम कोणता? मुंबई व काही मोजकी क्षेत्रे वगळून राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या (सुमारे 1,615 चौरस फूट) भूखंडासाठी प्रक्रिया सोपी आहे: नियमात बसणारा नकाशा सादर करून शुल्क भरले की पोच पावती हीच परवानगी. 150 ते 300 चौरस मीटरसाठी 10 दिवसांत मंजुरीची तरतूद आहे.

सोबत काय? सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, जुना मंजूर नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने तयार केलेला नवा नकाशा. माडी चढवायची असेल, तर जुना पाया व कॉलम तो भार पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या.

शेवटचा कागद: काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे. कर्ज काढताना किंवा घर विकताना हा फरक कळतो.

परवानगी घ्यायला विसरलात तर? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 खाली बांधकाम पाडण्याची नोटीस येऊ शकते. कलम 52 मध्ये कैद व दंडाचीही तरतूद आहे.