आता पुढे काय करायचं असतं?

दसरा सरला की आमच्या कर्जत-खालापूरकडे दोन कामं एकदम अंगावर येतात. शेतात हळवं भात कापायला आलेलं असतं आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाची सत्र परीक्षा दाराशी येऊन उभी असते. कापणी थांबत नाही, कारण आभाळाचा भरवसा नसतो आणि मजूर मिळत नाहीत. परीक्षाही थांबत नाही, कारण तिचं वेळापत्रक आपल्या शेताला विचारून ठरत नाही. मग सकाळी बाप म्हणतो, "आजचा एक दिवस ये शेतावर, उद्यापासून बस अभ्यासाला." असे चार-पाच 'एक दिवस' गेले की सत्र संपलेलं असतं.

उन्हाळ्यातलं दुसरं सत्र तरी कुठे सुखाचं असतं? एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, मुक्कामाला आलेले पाहुणे, वाड्या-पाड्यांवर पाण्याची वणवण. कातकरी वाड्यांतली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. त्यांचा एखादा मुलगा कॉलेजपर्यंत पोचला असेल, तर परीक्षेच्या दिवसांत तो घरी एकटा असतो किंवा वसतिगृहात.

आणि या सगळ्या घरांतून एकच वाक्य ऐकू येतं, "आम्हाला त्यातलं काय कळतं? त्याचं तो बघेल." मला आज या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. मुलाच्या पुस्तकातलं आपल्याला कळत नाही हे खरं. पण सत्राच्या शेवटी मुलाला आई-बापांकडून जे हवं असतं, ते पुस्तकातलं नसतंच.

आधी ही सत्राची भानगड काय आहे ते समजून घेऊ. मी बी. ए. झालो तेव्हा वर्षाला एकच परीक्षा असे. वर्षभर उंडारलो तरी शेवटचे दोन महिने हाताशी असत. रायगड जिल्हा ज्या मुंबई विद्यापीठात येतो, त्या विद्यापीठाने 2011-12 पासून श्रेयांक-सत्र पद्धत आणली. तीन वर्षांच्या पदवीला सहा सत्रं, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार कुणी चौथं वर्ष केलं तर आठ. म्हणजे दर सहा महिन्यांनी परीक्षा. शिवाय सगळे गुण लेखी पेपरचे नसतात. काही गुण कॉलेजच्या हातात असतात : चाचणी, प्रकल्प, जर्नल, सादरीकरण. त्यामुळे शेवटच्या पंधरा दिवसांत मुलाच्या डोक्यावर पेपरबरोबर अर्धवट जर्नल आणि सह्यांसाठीच्या फेऱ्याही असतात. आपल्याला वाटतं, पोरगं उगाच कॉलेजात हिंडतंय. ते कदाचित सहीसाठी मास्तरांना शोधत असतं.

तेव्हा आई-बापांनी सत्र संपायच्या महिनाभर आधी तीन गोष्टी नुसत्या विचाराव्यात. परीक्षेचा अर्ज भरला का? हजेरी पुरेशी आहे का? जर्नल-प्रकल्प कधी द्यायचेत? हे विचारायला पदवी लागत नाही. अर्जाची तारीख गेली की विलंब शुल्क पडतं आणि फीपायी घरात बोलणी बसतील म्हणून मूल गप्प राहतं. चारशे-पाचशे रुपयांच्या भीतीने सत्र हातचं जाऊ देऊ नये. तेवढे पैसे डब्यात वेगळे ठेवावेत आणि ठेवलेत हे मुलाला सांगावं.

आता अभ्यासाचं. इथेही आपला उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे नुसतं वाचत बसलं की आल्यासारखं वाटतं, पण टिकतं ते आठवून सांगितलेलं.

मग सांगायचं कुणाला? आईला. आई लसूण सोलत बसली आहे, तिने म्हणावं, "आज काय वाचलंस ते मला सांग बघू." तिला अर्थशास्त्र कळायची गरज नाही. तिने फक्त 'म्हणजे काय?' असं दोनदा विचारावं. जे मुलाला समजलेलं नसतं, तिथे त्याची गाडी आपोआप अडखळते आणि काय वाचायचं राहिलंय ते त्याचं त्यालाच कळतं. अक्षर न वाचता येणारी बाई एवढी मोठी मदत करू शकते.

झोपेचंही तसंच. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोप लागते. रात्रभर दिवा जळताना पाहून आपल्याला बरं वाटतं, पण रात्रभर जागलेलं मूल पेपरात आलेलंही विसरतं. त्याला अकराला झोपायला सांगावं, पहाटे चहा करून द्यावा. आमच्याकडे परीक्षा कधी रमजानमध्ये आली, तर सहरीनंतरचा तास अभ्यासाला चांगला असतो, पण मग दुपारची झोप कुणी मोडू नये. आणि ती मुलगी असेल तर तिच्या वाटणीचं पाणी आणि भाकरी तीन आठवडे भावाने किंवा बापाने करावी. परीक्षा दोघांचीही असते, पण घरकाम फक्त तिचंच असतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. शनिवार-रविवारी फार्महाउसवर किंवा हॉटेलात कामाला जाणारी मुलंही आपल्याकडे पुष्कळ आहेत. घराला त्या पैशाचा आधार असतो हे मान्य, तरीही तेवढे दोन-तीन शनिवार त्यांना मोकळे करता आले तर पाहावं.

प्रवासाचं एक सांगतो. खोपोली, लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी या बाजूच्या लोकांना ठाऊक आहे, इथे एक लोकल चुकली तर दुसरी लगेच नसते. पेपरच्या दिवशी नेहमीच्या गाडीच्या आधीची गाडी धरायची, हा नियम घराने करावा. त्यासाठी डबा अर्धा तास लवकर तयार हवा. ही मदत आहे, आणि हिच्यामुळे वर्षं वाचलेली आहेत.

एवढं सगळं मी सांगतोय, पण स्वतः एक चूक केली आहे, ती सांगितल्याशिवाय हे बोलणं खरं होणार नाही.

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना रोज पेपरहून आली की मी दारातच विचारायचो, "कसा गेला?" ती म्हणायची, "बरा गेला." निकाल लागला, ती म्हणाली, "पास." मी पेढे वाटले. पुढच्या सत्रात एक दिवस स्वयंपाकघरातून कुजबुज ऐकू आली. ती आईकडे परीक्षेच्या अर्जाचे पैसे मागत होती, नेहमीच्या अर्जाचे भरून झाल्यावर. आणि म्हणत होती, "अम्मी, अब्बांना सांगू नकोस."

एका विषयात तिला केटी लागली होती. सहा महिने ती ते ओझं एकटीने वागवत होती. मी लेकीवर कविता लिहिणारा माणूस. कविसंमेलनात त्या कवितांना दाद मिळते. आणि माझ्या लेकीला वाटत होतं की एका पेपरची गोष्ट या माणसाला सांगता येणार नाही. मी तिला विचारलं, "मी रागावलो असतो का?" ती म्हणाली, "नाही. पण तुमचा चेहरा पडला असता."

त्या रात्री मला माझे वडील आठवले. ते गवंडीकाम करायचे. पहिल्या वर्षाला मी इंग्रजीत नापास झालो आणि घाबरत त्यांना सांगितलं. त्यांनी हातावरचं सिमेंट धुतलं, टॉवेलने हात पुसले आणि विचारलं, "बरं. आता पुढे काय करायचं असतं?" ते रागावले नाहीत, त्यांनी उपदेशही केला नाही. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं की तो पेपर पुन्हा देता येतो. ते म्हणाले, "मग देऊ." मी शिकलो होतो, मला सगळं माहीत आहे असं वाटत होतं, म्हणून हा प्रश्न माझ्या तोंडून गेला आणि त्याच्या जागी 'कसा गेला?' येऊन बसला.

झालेला पेपर कसा गेला, याचं उत्तर मुलाच्या हातात उरलेलं नसतं. पुढे काय, याचं असतं.

आणि पुढे खरोखर पुष्कळ असतं. केटी म्हणजे वर्ष बुडालं असं नव्हे. एटीकेटी म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स', नियमात बसेल तेवढे विषय राहिले असले तरी पुढच्या वर्गात बसायची परवानगी. राहिलेला विषय पुन्हा देता येतो. गुण कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, फेरतपासणीचा अर्ज करता येतो, मात्र त्याची मुदत थोड्या दिवसांची असते. मूल रडत बसलं तर ती निघून जाते, म्हणून तिथे घराने जागं राहायचं. आणि दोष नेहमी मुलाचाच असतो असंही नाही. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत घाईने आणली, निकाल महिनोन्महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंनाच पदावरून जावं लागलं. त्या वर्षी किती घरांत मुलांनी विनाकारण बोलणी खाल्ली असतील!

आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणांना गावाचंच नाव आहे. त्यातलं 'कर्जत 3' हळवं, लवकर पिकणारं. दुसरे वाण निमगरवे, काही गरवे. गरवं भात दसऱ्याला हिरवं दिसलं म्हणून कुणी शेतकरी त्याच्यावर विळा चालवत नाही. त्याला ठाऊक असतं की याचे दिवस अजून भरायचे आहेत. एवढी समज आपण भाताला देतो, तेवढी मुलाला द्यायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र थांबण्याची नाही. मूल जेवेनासं झालं, रात्र-रात्र जागं राहू लागलं, मित्रांना टाळू लागलं, 'मी तुम्हाला ओझं आहे' असं बोललं, तर ते आळस किंवा नाटक समजू नका. सरळ विचारा, "जिवाचं काही वाईट मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारची 'टेली मानस' ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक चोवीस तास, फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. आई-बापही तिथे फोन करू शकतात.

आज रविवार आहे. भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा. त्यावर दुधाचा हिशेब आहे, गॅसची तारीख आहे, कुणाच्या लग्नाची खूण आहे. मुलाला जवळ बसवा आणि त्याच्या पेपरच्या तारखा त्याच्याच हाताने तिथे लिहून घ्या. मग कापणीचे दिवस, लग्नं, पाहुणे त्या तारखांच्या आजूबाजूला बसवता येतात का ते बघा. सगळं बसणार नाही. पण घराने आपल्यासाठी जागा केली, हे मुलाला रोज दूध घेताना दिसेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)