रस्ता गाडीला द्यायचा की माणसाला? स्ट्रासबर्ग शहराने काय केलं

ट्राम म्हटलं की आपल्याला जुने कृष्णधवल सिनेमे आठवतात. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी हे तिचे पहिले मार्ग. १९०७ मध्ये ती विजेवर आली. पण बस आणि मोटारींच्या जमान्यात ट्राम संथ आणि रस्ता अडवणारी ठरली. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली आणि विषय संपला.

युरोपातही तेव्हा हेच चाललं होतं. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहराने १९६० मध्येच आपली ट्राम बंद केली होती. पण याच शहराने ३४ वर्षांनी ती परत आणली. का आणली आणि कशी आणली, हे समजून घेण्यासारखं आहे.

जमिनीखाली की जमिनीवर?

१९८० च्या दशकात स्ट्रासबर्गचा जुना भाग गाड्यांनी भरून गेला होता. शहराच्या मधोमध असलेल्या क्लेबेर चौकातून रोज हजारो गाड्या आरपार जायच्या. धूर, हॉर्न, चालायला जागा नाही. उपाय म्हणून जमिनीखालून धावणारी छोटी मेट्रो ठरली होती. अनेक दुकानदारांना तीच हवी होती, कारण वरचा रस्ता गाड्यांसाठी तसाच राहणार होता.

१९८९ च्या निवडणुकीत हाच सवाल गाजला. कॅथरीन ट्राउटमन यांचं म्हणणं होतं की मेट्रोला लागणाऱ्या पैशात ट्रामचे कितीतरी जास्त किलोमीटर होतात. शिवाय ट्राम रस्त्यावरून जाते, म्हणजे गाड्यांना जागा सोडावीच लागते. त्या निवडून आल्या आणि महापौर झाल्या. मेट्रोचा बेत रद्द झाला.

इथेच खरा मुद्दा आहे. माणसांना जमिनीखाली पाठवलं किंवा पुलावर चढवलं, तर खालचा रस्ता गाडीवाल्यांचाच राहतो. ट्राम मात्र रस्त्याची वाटणी नव्याने करते.

नुसते रूळ टाकून भागलं नाही

ट्राम येण्याआधीच, १९९२ मध्ये, क्लेबेर चौकातून गाड्यांची आरपार वाहतूक बंद केली गेली. दुकानदारांनी खूप तक्रारी केल्या, गिऱ्हाईक तुटेल अशी त्यांना भीती होती. नोव्हेंबर १९९४ मध्ये सुमारे १० किलोमीटरची पहिली लाईन सुरू झाली. स्टेशनजवळचा बोगदा सोडला तर ती जवळपास सगळी जमिनीवरूनच धावते.

सोबत आणखी कामं झाली. शहराच्या कडेला वाहनतळ बांधले. तिथे गाडी लावली की त्याच तिकिटात गाडीतल्या सगळ्यांचा ट्रामने जाण्यायेण्याचा प्रवास. ट्रामचा तळ फलाटाच्या बरोबरीचा ठेवला, म्हणून व्हीलचेअर, बाबागाडी, काठी टेकणारे आजी-आजोबा सहज आत जातात. पैशाचीही सोय होती. फ्रान्समध्ये ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या मालकांकडून शहरं वाहतुकीसाठी वेगळा कर घेतात.

आणि ही लाईन नेली कुठे? ओतपिएर या वस्तीत. मोठमोठ्या इमारती, कामगार आणि बाहेरून आलेली कुटुंबं, त्यात मुसलमानही बरेच. ज्यांच्याकडे गाडी नव्हती, त्यांना शहराचा मध्य एका तिकिटावर जवळ आला.

१९९५ मध्ये लोकांनी ट्राउटमन यांना पुन्हा निवडून दिलं. ट्राम वाढतच गेली. २०१७ मध्ये ती ऱ्हाईन नदी ओलांडून जर्मनीतल्या केल गावापर्यंत पोहोचली. शहरात गाड्या आजही आहेत. पण शहराच्या मध्यावर त्यांचा पहिला हक्क राहिला नाही.

फळ्यावरचा हिशेब

वर्गात मुलांना मी हा हिशेब घालतो. एका आधुनिक ट्राममध्ये २०० माणसं मावतात. तीच माणसं कारने निघाली आणि एका कारमध्ये दोघंच बसली, तर १०० कार लागतील. उभ्या कारला पुढच्या-मागच्या अंतरासकट ५ मीटर जागा धरा. म्हणजे अर्ध्या किलोमीटरची रांग! ट्रामची लांबी साधारण ३०-३५ मीटर. लाइट रेल म्हणजे याच ट्रामचा नवा अवतार: स्वतंत्र पट्टा, सिग्नलला आधी वाट.

आपल्यासाठी काय?

ज्या मोहम्मद अली रोडच्या परिसरात एकेकाळी ट्राम खडखडत होती, तिथे आज जवळपास अडीच किलोमीटरचा जे. जे. उड्डाणपूल आहे. गाड्या वरून निघून जातात. खाली फेरीवाला, हातगाडी, शाळेची मुलं, दवाखान्यात निघालेल्या अम्मी तशाच गर्दीत वाट काढतात.

आपल्या अरुंद मोहल्ल्यांत सगळीकडे ट्राम बसणार नाही, हे खरं. पण स्ट्रासबर्गचा धडा बससाठीही लागू आहे. नगरसेवक मत मागायला येतील तेव्हा पुलाच्या उंचीपेक्षा तीन गोष्टी विचारा: आमच्या वस्तीतून बस दर किती मिनिटांनी? तिला स्वतंत्र पट्टा आहे का? आणि म्हाताऱ्या माणसाला तिच्यात एकट्याने चढता येतं का? घरात गाडी नसलेल्यांनाही रस्त्यावर तेवढाच हक्क आहे, आणि आपल्या वस्त्यांत अशी घरं कमी नाहीत.