नकाशाची प्रिंट काढताना कागद कोणता घ्यावा?



नकाशा शिकवायचा म्हटलं की आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो, 'एक चांगली प्रिंट द्या' म्हणतो आणि दुकानदार जाड, चकचकीत आर्ट पेपर पुढे करतो. दिसायला झकास! पण त्यावर पेन्सिल नीट उमटत नाही, स्केचपेन पसरतं, आणि ट्यूबलाइटखाली मागच्या बाकावरून अर्धा नकाशा नुसता चमकताना दिसतो. म्हणून आधी विचारायचं ते एवढंच, की मूल या नकाशावर काय करणार आहे? रंगवणार, मोजणार, की नुसतं भिंतीवर पाहणार?

रिमवर ७०, ७५, ८० जीएसएम असं छापलेलं असतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-झिरो कागद एक चौरस मीटरचा, त्याचे सोळा भाग केले की ए-फोर. म्हणजे ८० जीएसएमचा ए-फोर कागद ५ ग्रॅमचा आणि ५०० कागदांची रिम अडीच किलोची. (गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्या.)

आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्याचा आराखडा देऊन अंधेरी, बोरिवली, कुर्ला हे तीन तालुके रंगवायला सांगायचे असतील, तर साधा, चमक नसलेला ८० जीएसएमचा कागद पुरतो. रंगीत पेन्सिलींना तोच बरा. स्केचपेन वापरणार असाल तर १०० जीएसएम घ्या, शाई मागे उतरणं कमी होतं. जलरंग मात्र यातल्या कशावरच नकोत, त्यासाठी चित्रकलेचाच कागद हवा.

मोजायच्या नकाशाची गोष्ट वेगळी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशात २ सेंमी म्हणजे १ किमी. अंधेरी ते बोरिवली स्टेशन सरळ रेषेत साधारण १२ किमी, म्हणजे नकाशावर २४ सेंमी. ए-फोरची लांबी २९.७ सेंमी, त्यामुळे एवढा भाग उभ्या कागदावर आरामात बसतो. पण अख्खं पत्रक जवळपास ५५ सेंमी उंच असतं. ते ए-फोरवर दाबून बसवलं तर अक्षरं वाचता येत नाहीत आणि प्रमाणही बिघडतं. ए-थ्रीचा नकाशा ए-फोरवर आणला तरी २४ सेंमीचे १७ होतात. मूल पट्टी लावून इमानदारीत साडेआठ किमी उत्तर काढतं आणि आपण त्याला चूक देतो! म्हणून हवा तेवढाच भाग घ्या, प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेज' काढून १०० टक्के ठेवा, आणि नकाशावरची रेषाप्रमाणाची पट्टी कापली जाऊ देऊ नका. नकाशा लहान झाला तर तीही त्याच्याबरोबर लहान होते, त्यामुळे तिच्यावरून काढलेलं अंतर बरोबरच येतं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागदही दमट होतो. कागदाचे तंतू ओलाव्याने लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात, म्हणून कागद एका दिशेने जास्त ताणतो. मोठ्या नकाशात एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. १:५०,००० ला १ मिमी म्हणजे ५० मीटर! प्राथमिकच्या मुलांना तेवढं चालतं, पण दमट कागद प्रिंटरमध्ये अडकतो आणि वळतो, त्याचा ताप जास्त. उघडलेली रिम वेष्टनातच गुंडाळून ठेवा. तंतूंची दिशा पाहायची असेल तर वर्तमानपत्र उभं आणि आडवं फाडून बघा. एकीकडे सरळ फाटतं, दुसरीकडे वेडंवाकडं. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. जाड कागदाची घडी तंतूंच्या दिशेने घातली की ती तडकत नाही.

इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. ओल्या हाताने किंवा गळक्या पाण्याच्या बाटलीने अख्खा अरबी समुद्र जमिनीवर पसरतो. लेझर प्रिंटरची टोनर भुकटी उष्णतेने कागदावर वितळून चिकटते, ती पाण्याने पसरत नाही. दप्तरात जाणारा नकाशा म्हणून लेझरवरच काढावा.

वर्षभर वापरायचा नकाशा असेल तर लॅमिनेशन करा. चमक नको म्हणून मॅट फिल्म मागा, पण व्हाइटबोर्ड मार्करने लिहून पुसायचं असेल तर गुळगुळीत फिल्मच घ्यावी लागते, मॅटवर डाग राहतात. कागदाच्या चारही बाजूंना फिल्मची बोटभर कड सोडायला सांगा. दुकानदार ती कापून नीटनेटकं करून देतात आणि मग पावसाळ्यात तिथूनच ओल आत शिरते. भिंतीवरचा मोठा नकाशा घडी न घालता गुंडाळून कपाटावर उभा ठेवा, खिडकीखाली नको.