हळदीचा डाग साबणाने लाल का होतो?

वरणाचा डाग पडलेल्या पांढऱ्या सदऱ्याला साबण लावला की पिवळा डाग क्षणात तांबडा होतो. भरपूर पाण्याने खळबळला की पुन्हा पिवळा. साबण अल्कधर्मी आहे, हे हळदीतलं कर्क्युमिन रंगातून सांगत असतं. असं सांगणाऱ्या पदार्थांना दर्शक म्हणतात.

बहुतेक दर्शक स्वतःच सौम्य आम्लं असतात. त्यांच्या रेणूतून एक हायड्रोजन आयन सहज सुटू शकतो. आम्लधर्मी द्रावणात अशा आयनांची रेलचेल असल्याने तो जागेवर राहतो; अल्कधर्मी द्रावण तो काढून घेतं. तो गेला की रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, रेणू प्रकाशातला वेगळा भाग शोषतो आणि आपल्याला वेगळा रंग दिसतो. आयन परत मिळाला की मूळ रंग परततो.

हा पालट नेमका कुठे होतो, ते सामूवरून कळतं. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी 1909 मध्ये ही मोजपट्टी मांडली. शुद्ध पाण्याचा सामू 7; त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते.

मात्र प्रत्येक दर्शकाची पालटण्याची जागा निराळी. मिथिल ऑरेंज सुमारे 3.1 ते 4.4 या टप्प्यात लालाचं पिवळं होतं. फिनॉल्फ्थॅलिन सुमारे 8.2 पर्यंत रंगहीन राहतं, मग गुलाबी होतं. दगडफुलांपासून बनणारं लिटमस आम्लात लाल, अल्कलीत निळं. हळद तर लिंबाच्या रसातही पिवळी आणि साध्या पाण्यातही पिवळीच! म्हणून रंग बदलला नाही, एवढ्यावरून द्रावण उदासीन ठरवता येत नाही.

घरी पाहायचं तर लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून अर्क गाळून घ्या. तो दोन वाट्यांत ओता. एकीत लिंबू पिळलं की अर्क गडद गुलाबी होईल. दुसरीत धुण्याचा सोडा टाकला की हिरवट. सोड्याला हात लावू नका आणि कुठलंही अनोळखी द्रावण चाखून पाहू नका. त्यासाठीच तर दर्शक आहेत. अधिक नेमका अंदाज हवा असेल, तर अनेक दर्शकांचं मिश्रण असलेला वैश्विक दर्शक वापरा आणि त्याचा रंग सोबतच्या तक्त्याशी ताडून पाहा.