तिकिटांचा ‘ब्लॅक’ कायदेशीर झालेला नाही

‘काहून जी, ब्लॅक तर आता कायदेशीर झाला ना? हायकोर्टानंच सांगतलं!’

हे वाक्य मी भंडाऱ्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, की आता ते सोडून देणं बरं वाटत नाही. बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, एकदा तर कोर्टाच्या आवारात ऐकलं. जामठ्याला क्रिकेट सामना असो की नागपुरात एखाद्या गायकाचा कार्यक्रम, इथली पोरं साठ-पासष्ट किलोमीटर गाडी मारून जातात. तिकीट मिळालं नाही की व्हॉट्सॲपवर कुणीतरी दुप्पट-तिप्पट भावाने देतो. त्याला हटकलं, की तो हायकोर्टाचं नाव पुढे करतो.

हायकोर्टाने असं काहीही सांगितलेलं नाही. प्रत्यक्षात काय घडलं, ते क्रमाने पाहू.

मोठा गैरसमज : हायकोर्टाने जादा भावाच्या तिकीटविक्रीला परवानगी दिली

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. त्यांची तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाली. अधिकृत दर अडीच हजारांपासून पस्तीस हजार रुपयांपर्यंत होते. बघता बघता तिकिटं संपली आणि लगेच दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावाने दिसू लागली. बुकमायशो या अधिकृत विक्रेत्या कंपनीने पोलिसांत तक्रार दिली, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली आणि सक्तवसुली संचालनालयाने पाच शहरांत छापे घातले.

याच सुमारास एका वकिलाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मोठ्या कार्यक्रमांच्या ऑनलाइन तिकीटविक्रीत गैरप्रकार होतात, ते रोखण्यासाठी न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून द्यावीत, अशी मागणी होती. १० जानेवारी २०२५ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. असे नियम करणं हे कायदेमंडळाचं आणि सरकारचं काम आहे, ते न्यायालयाने हाती घेऊ नये, हे त्याचं कारण.

निकाल एवढाच आहे. ‘नवा नियम आम्ही करणार नाही, ज्यांचं काम आहे त्यांनी करावा’ असं न्यायालय म्हणालं. यातून ‘जुने नियम संपले’ असा अर्थ कसा निघतो? ग्रामपंचायतीने नव्या रस्त्याचा ठराव फेटाळला म्हणून जुन्या रस्त्यावर भिंत बांधायची मोकळीक कुणाला मिळत नाही. याचिका फेटाळली जाणं आणि एखादी गोष्ट कायदेशीर ठरणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

घोटाळा वाढवायला आणखी एक निकाल आला. चित्रपटाच्या ऑनलाइन तिकिटावर सुविधा शुल्क घेण्यास राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ च्या आदेशांनी मनाई केली होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. ‘हायकोर्टाने जादा पैसे घ्यायला परवानगी दिली’ ही बातमी तिथून पसरली. पण ते जादा पैसे म्हणजे अधिकृत विक्रेत्याचं शुल्क. रस्त्यावर किंवा फोनवर तिकीट फिरवणाऱ्याचा त्या निकालात संबंधच येत नाही. लोकांनी दोन निकालांची सरमिसळ केली आणि तिसराच निकाल तयार केला, जो कुठल्याही न्यायालयाने दिलेला नाही.

मग आजचा कायदा काय आहे?

इथे विरुद्ध बाजूचा गैरसमजही दूर करायला हवा. आपल्याला जमत नाही म्हणून तिकीट मित्राला किंवा शेजाऱ्याला देणं हा गुन्हा नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ मधलं कलम ५६ स्पष्ट आहे : सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जाण्याची परवानगी ज्याच्याकडे आहे, तो ती दुसऱ्याला देऊ शकतो. अट एकच, आयोजकाने तशी मनाई केलेली नसावी. हा कायदा सुरुवातीला मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांत एवढ्याच भागांना लागू होता. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. म्हणजे तिकीट दुसऱ्याला देण्याचा हा हक्क आपल्या जिल्ह्यात १८८२ सालीच आला; मुंबई इलाख्याला तो कायदा १८९१ मध्ये लागू झाला.

पण कलमातली अट विसरून चालणार नाही. आज मोठ्या कार्यक्रमांच्या बहुतेक तिकिटांवर ‘हस्तांतरणीय नाही’ किंवा ‘पुनर्विक्री केल्यास तिकीट रद्द’ असं छापलेलं असतं. तसं असेल तर आयोजक तुम्हाला दारातून परत पाठवू शकतो. तुम्ही विक्रेत्याला किती पैसे मोजले, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

हे झालं तिकीट देण्याबद्दल. तिकिटांचा धंदा करणं वेगळं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ नुसार सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणच्या तिकिटांची आणि पासांची विक्री नियंत्रित करण्याचे किंवा तिला मनाई करण्याचे नियम करता येतात. नागपूर शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे, भंडाऱ्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांना. कागदी तिकीट आणि फोनमधलं तिकीट असा भेद त्या तरतुदीत केलेला नाही.

त्याहून मोठी तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आहे. तिच्या कलम ११२ मध्ये ‘किरकोळ संघटित गुन्हा’ सांगितला आहे. टोळीच्या सदस्याने केलेली चोरी, फसवणूक, अनधिकृत जुगार, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांची विक्री यांच्याच रांगेत ‘तिकिटांची अनधिकृत विक्री’ हे शब्द आहेत. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल सात वर्षे कैद आणि दंड. ‘कायद्यात तिकिटाचं नावच नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं. खोटं तिकीट किंवा एकच तिकीट अनेकांना विकलं, तर कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा होतो. तिथेही शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते.

आता उणीव कुठे आहे, तेही सांगायला हवं. छापील किमतीपेक्षा किती जास्त घेतलं की गुन्हा, हे ठरवणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नाही. एकट्या माणसाने एकच तिकीट दोनशे रुपये चढवून विकलं, तर कलम ११२ लावणं कठीण, कारण तिथे टोळी लागते. कायद्यात फट आहे, हे मान्य. पण फट आहे म्हणून दार सताड उघडं आहे, असं होत नाही.

कायदा नीट लिहिलेला असला की काय होतं, हे पाहायला वरठीच्या भंडारा रोड स्टेशनपर्यंत जावं. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४३ प्रमाणे अधिकार नसताना तिकिटांचा धंदा केला, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम इंटरनेटच्या आधीचं, म्हणून ऑनलाइन तिकिटांना लागू नाही, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापुढे झाला. ९ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने तो नाकारला. उच्च न्यायालयाच्या त्या बहुचर्चित निकालाच्या आदल्याच दिवशी. रेल्वेच्या तिकिटाला संसदेने कायदा दिला होता, म्हणून न्यायालय तो राबवू शकलं. कार्यक्रमाच्या तिकिटाला तसा कायदा अजून मिळालेला नाही.

लहान गैरसमज, थोडक्यात

*छापील किंमत म्हणजे एमआरपी.* नाही. एमआरपीचा नियम पॅकबंद वस्तूंना आहे. तिकीट ही वस्तू नाही, आत जाण्याची परवानगी आहे.

*‘काळाबाजार प्रतिबंधक कायद्या’खाली ब्लॅकवाल्याला आत टाकता येतं.* नाही. १९८० चा तो कायदा जीवनावश्यक वस्तूंसाठी आहे.

*आयोजकाने दर वाढवला, तोही ब्लॅकच.* नाही. आपल्या कार्यक्रमाचा दर आयोजक ठरवतो. मंडईतल्या झाडीपट्टी नाटकाच्या खुर्चीचा दर मंडळाने या वर्षी वाढवला, तर तो महाग वाटेल, पण ब्लॅक ठरणार नाही. तीच खुर्ची दाराबाहेर तिसराच माणूस चढ्या भावाने विकत असेल, तर तिथे प्रश्न येतो.

*नाटकाच्या तिकिटावर जीएसटी लागतो, म्हणून जास्त घेतो.* पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही.

*परदेशात सगळं खुलं आहे.* इंग्लंडमध्ये फुटबॉल सामन्यांच्या तिकिटांची अनधिकृत पुनर्विक्री १९९४ पासून गुन्हा आहे. छापील किमतीपेक्षा जास्त भावाने कार्यक्रमांची तिकिटं विकण्यावर बंदी घालणार, असं ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं.

*स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट.* या एका गैरसमजापायी मी साकोलीच्या एका कॉलेजकुमाराचा चेहरा पडलेला पाहिला आहे. बाराशेचं तिकीट त्याने तीन हजारांना घेतलं होतं. नागपूरच्या कार्यक्रमाच्या दारात त्याने फोन पुढे धरला, मशीन लाल झालं. तोच क्यूआर कोड दाखवून वीस मिनिटांपूर्वी कुणीतरी आत गेलं होतं. मशीन पहिल्या माणसाला ओळखतं, खऱ्या माणसाला नाही. विक्रेत्याचा नंबर तोवर बंद झाला होता. पोरगा रात्रीच्या शेवटच्या बसने परत आला आणि घरी कार्यक्रम छान झाला म्हणून सांगून मोकळा झाला. तक्रार त्याने केलीच नाही. जास्त पैसे देऊन आपणच गुन्हा केला, अशी त्याला भीती वाटली होती. ती भीती चुकीची आहे. वर सांगितलेलं कलम ११२ विकणाऱ्यासाठी आहे. फसवला गेलेला माणूस तक्रारदार असतो.

म्हणून हे लक्षात ठेवा. अधिकृत विक्रेत्याकडूनच तिकीट घ्या. मागची बाजू वाचा. ओळखीच्या माणसाकडून घेत असाल, तर स्क्रीनशॉट नको, त्याच्या खात्यातून अधिकृतरीत्या तुमच्या नावावर करून घ्या. फसवणूक झालीच, तर पहिल्या तासातच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे अडवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. अधिकृत कंपनीबद्दल तक्रार असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आणि ज्यांना हायकोर्टाचं नाव घ्यायचंच आहे, त्यांनी हायकोर्ट खरोखर जे म्हणालं ते सांगावं : कायदा करणं विधिमंडळाचं काम आहे. आपल्या जिल्ह्यातून तुमसर, भंडारा आणि साकोली असे तीन आमदार विधानसभेत जातात. पुढच्या वेळी ते गावात आले, की रस्त्या-पाण्याच्या मागण्यांसोबत हाही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा.