शेतकरी कंपनीचे संचालक आणि पत्त्याचा पुरावा
धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन, तूर, हरभरा पिकविणारे शेतकरी संघटित होऊन शेतकरी उत्पादक कंपन्या स्थापन करीत आहेत. कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये अशा कंपनीस किमान ५ संचालक असावे लागतात. प्रत्येक संचालकास ८ अंकी संचालक ओळख क्रमांक आवश्यक असतो. २००६ च्या कायदादुरुस्तीने सुरू झालेला हा क्रमांक व्यक्तीस एकदाच मिळतो.

भारतीय अर्जदारास ओळखीसाठी पॅन कार्ड अनिवार्य आहे. निवासाच्या पुराव्यासाठी पारपत्र, मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, वाहन परवाना, आधार कार्ड, वीज देयक किंवा दूरध्वनी देयक यांपैकी एक जोडता येते. देयक दोन महिन्यांहून जुने नसावे. पुरावा अर्जदाराच्याच नावे असावा.

ही शेवटची अट ग्रामीण भागात विशेष महत्त्वाची ठरते. एकत्र कुटुंबात विजेचे देयक बहुधा वडिलांच्या अथवा सासऱ्यांच्या नावे असते. त्यामुळे तरुणांचे व महिलांचे अर्ज अडू शकतात आणि एका अर्जापायी साऱ्या सभासदांच्या कंपनीची नोंदणी लांबते. अशा वेळी स्वतःच्या नावाचे मतदार ओळखपत्र किंवा आधार कार्ड जोडणे श्रेयस्कर होय. विवाहानंतर नाव बदलले असल्यास पॅन व पत्त्याचा पुरावा यांवरील नावे आधी जुळवून घ्यावीत.

२०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलल्याने काही कागदपत्रांवर ‘उस्मानाबाद’ तर काहींवर ‘धाराशिव’ आढळते. म्हणून अर्जातील पत्ता पुराव्याशी ताडून पाहावा. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही तपासणी अर्जापूर्वीच करवून घेतल्यास शेतकऱ्यांचे हेलपाटे वाचतील.