दिवेलागणीचा बिनदुधाचा चहा

एप्रिल लागला की आमच्या लातूर जिल्ह्यातल्या बायकांचं घड्याळच बदलतं. नळ किती दिवसांनी येणार, टँकर कधी येणार, यावर आमचं उठणं-झोपणं ठरतं. दिवसभर उन्हाच्या झळा आणि रात्री तापलेला स्लॅब. अंगाची नुसती काहिली!

२०१६ चा उन्हाळा तर विसरणं शक्यच नाही. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. आमच्या गावातही घागरींच्या रांगा होत्याच. मी तेव्हा नुकतीच चाळिशीकडे झुकलेली. रात्री बारा-एकपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. मग दुसऱ्या दिवशी चिडचिड. ती निघायची कुणावर? मुलांवर, नाहीतर भांड्यांवर!

एकदा सासूबाई म्हणाल्या, "दिवेलागणीला कपभर कडक चहा पितीस, मग झोप कशी यील गं? त्या चहाच्या जागी माझा चहा पिऊन बघ."

त्यांचा चहा म्हणजे गवती चहा, धने, जिरे आणि बडीशेप. ना दूध, ना चहापत्ती. मला काही ते पटलं नाही. चहापत्तीशिवाय चहा कसला? पण झोपेसाठी माणूस काय करणार नाही! आठ-दहा दिवस प्यायले आणि झोप हळूहळू जागेवर येऊ लागली.

यात जादू नाही बरं का. चहापत्तीत कॅफीन असतं. अंगातलं निम्मं कॅफीन उतरायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे सातला घेतलेला चहा रात्री बारालाही निम्मा जागाच असतो, आणि आपणही त्याच्यासोबत! शिवाय जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला, तर अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. तेव्हा संध्याकाळचा तो एक कप बदलला तर दोन्हीकडून फायदाच.

पण मैत्रिणींनो, खरी गोष्ट पुढेच आहे.

आमच्या बचत गटाची बैठक महिन्यातून एकदा असते. त्या मे महिन्यात गटातली एक जण बैठकीला आलीच नाही. चौकशी केली तर ताप, ओटीपोटात दुखणं आणि लघवीला आग. तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तपासून विचारलं, "दिवसातून पाणी किती पिता?" ती खाली मान घालून गप्प. परत येताना रिक्षात म्हणाली, "ताई, घरात दोन घागरी पाणी. म्हातारी माणसं, लेकरं, मालक... सगळ्यांचं झालं की मग माझं. आणि आपण कमी प्यायलं की संडासला पाणीही कमी लागतं ना!"

मला काय बोलावं तेच कळेना. बायकांच्या आरोग्यावर मी गावोगाव बोलत फिरते. आणि माझ्याच गटातली बाई घरातलं पाणी वाचवण्यासाठी स्वतः तहानलेली राहत होती. पुढच्या बैठकीत, तिला विचारून, मी हा विषय काढला. आधी सगळ्या गप्प. मग एक म्हणाली, "मी बी तसंच करते." मग दुसरी, मग तिसरी. खरं सांगू? टँकर यायचा नाही त्या दिवशी मीही तेच करत होते.

त्या दिवशी आम्ही ठरवलं, की उन्हाळाभर दर शनिवारी दिवेलागणीला आमच्या ओट्यावर जमायचं. येताना प्रत्येकीनं आपल्या घरचं तांब्याभर पाणी आणायचं. त्यातलं थोडं चहाच्या पातेल्यात ओतायचं आणि उरलेलं तिथंच बसून, सावकाश प्यायचं. घरी न्यायचं नाही! मग सगळ्यांनी मिळून सासूबाईंचा चहा घ्यायचा. बसून, बोलत. हातात निवडायला भाजीसुद्धा घ्यायची नाही, हा नियम सासूबाईंचा.

आता कृती सांगते. चार कप पाण्यात गवती चहाची पाच-सहा पाती कात्रीनं कापून टाकायची. एक चमचा धने, अर्धा चमचा जिरे आणि अर्धा चमचा बडीशेप जाडसर कुटून घालायची. पाच-सात मिनिटं मंद उकळून गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवायचं. झाकण विसरू नका, कारण गवती चहाचा वास वाफेबरोबर उडून जातो. पाच मिनिटांनी गाळून, कोमट झाल्यावर घ्यायचा. हवा तर गुळाचा खडा घाला. साखरेचा त्रास असेल तर नको. हिवाळ्यातलं आलं-मिरं मात्र आम्ही उन्हाळ्यात घालत नाही.

गवती चहाला वेगळं पाणी लागत नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी मोरीजवळच्या आळ्यात टाकलं तरी झुडूप तग धरतं. पावसाळ्यात पाती भरपूर येतात. तेव्हाच ती सावलीत वाळवून बरणीत भरून ठेवा, उन्हाळाभर पुरतात.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, हा चहा म्हणजे औषध नव्हे. लघवीला आग, ताप, कंबरेत कळा असं काही असेल तर सरळ डॉक्टरांकडे जा, काढ्यावर दिवस काढू नका. दुसरं, गोडीसाठी यात कुणी ज्येष्ठमध घालतं. रक्तदाब असेल तर तो टाळा, कारण त्यानं रक्तदाब वाढू शकतो. दिवस गेलेले असतील तर कुठलाही काढा डॉक्टरांना विचारूनच घ्या.

सासूबाई आज नाहीत. मोरीजवळचं त्यांचं झुडूप अजून आहे. त्याचे फुटवे काढून मी गटातल्या प्रत्येकीला दिले. त्या आजारी पडलेल्या मैत्रिणीनं आपलं रोप दारातच लावलंय. आता तिच्या घरी रांजणाशेजारी एक तांब्या वेगळा भरून ठेवलेला असतो. तो तिचा. आधी तिचा मुलगा हसायचा. आता तोच शाळेतून आल्यावर विचारतो, "आई, तुझा तांब्या संपला का?"

उन्हाळ्यात घरातल्या पाण्याचा हिशेब आपणच ठेवतो ना? मग त्या हिशेबात स्वतःचा तांब्या आधी धरा. आणि आज दिवेलागणीला चहापत्तीचा डबा राहू द्या बाजूला. शेजारणीला हाक मारा आणि दोघी मिळून दहा मिनिटं तरी ओट्यावर टेका.